अर्धा सूर्यास्त

पोरीचं लग्न आज जमणार, आणि तेही आपल्या पिक्चरमुळे जमणार, अशी उत्तमरावांची खात्री होती.

सकाळपासून त्यांनी ही खात्री घरात इतक्यांदा बोलून दाखवली होती की पोह्यांचा कांदा चिरणाऱ्या रेणुकाबाईंनी आता मान हलवणंही सोडून दिलं होतं. भैंशाहून पाहुणे यायचे होते. नागोराव, कापसाचे व्यापारी, घरची जिनिंग. त्यांच्या पत्नी गयाबाई. आणि मुलगा संतोष. उत्तमरावांची अर्पिता उटनूरच्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट होती. आठवडाभर तिथेच खोली करून राहायची आणि रविवारी आदिलाबादजवळच्या मावल्याला, आईवडिलांकडे घरी यायची. संतोषची आणि तिची एका लग्नात ओळख झाली होती, फोनवर बोलणं चालू होतं, पोरं राजी होती. मोठ्यांनी फक्त बसून चहा प्यायचा होता. पण नुसत्या चहावर भागवतील तर ते उत्तमराव कसले! चहा-पोहे झाले की पाहुण्यांना बैठकीत बसवायचं आणि टीव्हीवर ‘सासरचा सूर्यास्त’ लावायचा, असा त्यांचा बेत होता.

“पोरगी दाखवाची हाये का पिक्चर?” रेणुकाबाईंनी विचारलं.

“पोरगी कोनालेबी आवडन,” उत्तमराव म्हणाले. “ज्याले हा पिक्चर आवडन, थो खरा माणूस.”

त्या हिशेबाने आदिलाबाद जिल्ह्यात अजून एकही खरा माणूस निघाला नव्हता.

‘सासरचा सूर्यास्त’ ज्यांनी काढला त्यांनीसुद्धा तो पुन्हा पाहिला असेल असं वाटत नाही. त्यात सुमती नावाची एक मास्तरीण लग्न होऊन दादासाहेब नावाच्या सासऱ्याच्या घरात येते. दादासाहेबांना सुनेची नोकरी खपत नाही. मध्यंतरापर्यंत ते मिशीला पीळ देत ओरडत राहतात आणि मध्यंतराच्या तोंडावर सुमती शाळेची किल्ली त्यांच्या पायाशी ठेवते. सासरा डोक्यावर हात ठेवतो, सगळं घर तुळशीभोवती फेर धरून गाणं म्हणतं. मध्यंतरानंतर मात्र सुमती तीच किल्ली उचलून घराबाहेर पडते. शाळा पुन्हा उघडते. दादासाहेबांची दृष्टी जाते, आणि अखेर ते चाचपडत येऊन तिच्याच वर्गात, पहिलीच्या पोरांमागे बसतात. मग सुमती मावळत्या सूर्यासमोर उभी राहून गाते. हा सूर्य कापडावर रंगवलेला होता आणि दुसऱ्या कडव्यात कुणाचा तरी धक्का लागून तो चांगला हातभर सरकतो.

उत्तमराव नांदेडच्या पॉलिटेक्निकात नापास होऊन परतले, तेव्हा आदिलाबादच्या एका टॉकीजला हा पिक्चर लागला होता. घरी जायची हिंमत नव्हती म्हणून ते बॅगेसकट आत शिरले. टॉकीज इतकी रिकामी होती की माणसाला मोकळेपणी रडता यावं. ते मोकळेपणी रडले. सुमतीने किल्ली उचलली तशी यांच्या अंगात काहीतरी सळसळलं. बाहेर येऊन त्यांनी सरळ वडिलांना गाठलं आणि सांगून टाकलं, मी आता शिकत नाही, दुकानात बसतो. वडील बरं म्हणाले. त्यांना दुकानात माणूस हवाच होता. पण आपल्याला आयुष्यात एकदा जे धैर्य आलं ते सुमतीने दिलं, हे उत्तमरावांनी कायमचं मनाशी धरलं, आणि त्या धैर्याच्या जोरावर ते आजपर्यंत बापाच्या भांड्यांच्या दुकानात बसले होते.

तेव्हापासून जो भेटेल त्याला ते हा पिक्चर दाखवत. आधी व्हीसीडीवर, नंतर पेन ड्राइव्हवर. मेव्हणा भिवाजी नेमका रडायच्या जागी हसला आणि सूर्य सरकला तेव्हा त्याला ठसका लागला. उत्तमराव पुढची दोन वर्षं त्याच्याशी तुटक बोलत होते. खुद्द अर्पिता लहानपणी डोक्याला टॉवेल गुंडाळून दादासाहेबांची अशी हुबेहूब नक्कल करायची की रेणुकाबाईंना हातातली पोळी तव्यावर टाकणं सुधरत नसे. उत्तमराव अशा वेळी उठून अंगणात जात.

तर पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. नागोराव आडव्या बांध्याचे, पांढऱ्या मिशांचे, हुकूम सोडायची सवय असलेले गृहस्थ होते. ते पंख्याकडे पाहतानासुद्धा पंखा आपल्या परवानगीने फिरतो आहे असं वाटायचं. संतोष बापासमोर फारसा बोलत नव्हता. गयाबाई तर बोलतच नव्हत्या. त्या मधल्या खोलीच्या दारात, पदर सावरून, रेणुकाबाईंजवळ बसल्या.

उत्तमरावांनी पिक्चर लावला. अर्पिताने आईकडे पाहिलं, आईने छताकडे पाहिलं, आणि अर्पिता कपबशा घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली ती तिकडेच राहिली. थोड्या वेळाने संतोषही पाणी मागायच्या निमित्ताने आत गेला.

पहिली दहा-पंधरा मिनिटं नागोराव घड्याळ पाहत होते. मग दादासाहेब पडद्यावर आले. मिशा पांढऱ्या, बांधा आडवा. घरात पाऊल टाकताक्षणी ते सगळ्यांवर ओरडले. नागोराव खुर्चीत पुढे सरकले. दादासाहेब म्हणाले, “या घराच्या सुना उंबरठ्याबाहेर हिशेब मागायला जात नाहीत!” नागोरावांनी मांडीवर थाप मारली. उत्तमराव चोरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. इतक्या वर्षांत या पिक्चरसाठी कुणी मांडीवर थाप मारलेली त्यांनी पाहिली नव्हती. सुमतीने किल्ली पायाशी ठेवली तेव्हा नागोरावांनी चक्क चष्मा काढून डोळे पुसले. तुळशीभोवतीचं गाणं संपलं, आता ‘मध्यंतर’ अशी पाटी येणार, तेवढ्यात करंट गेला.

“झ्याक,” नागोराव अंधारलेल्या टीव्हीकडे पाहत म्हणाले. “शेवट लय झ्याक केला.”

दारातून गयाबाई हळूच म्हणाल्या, “फुडं थे बाई...” पण नागोराव तोवर उठले होते. भैंसा दूर आहे, अंधाराच्या आत पोचायला हवं, असं म्हणत ते चपला शोधायलाही लागले.

हा शेवट नव्हे, आता कुठे मध्यंतर झालंय, हे सांगायला उत्तमरावांनी तोंड उघडलं होतं. पण नागोरावांनी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना बाजूला, फाटकापाशी नेलं.

“उत्तमराव, असा पिक्चर मी जन्मात पाह्यला नाई,” ते म्हणाले. “तुमी जपून ठेवला, तुमचे उपकार हायेत. आजकालच्या पोरीयले हेच कोनी दाखवत नाई.”

उत्तमरावांचं तोंड उघडंच राहिलं. उन्हाळ्यात करपलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणी थंड पाण्याची घागर रिकामी करावी तसं त्यांना झालं. कानात नुसता ‘असा पिक्चर, असा पिक्चर’ एवढाच आवाज घुमत होता, आणि त्याच आवाजात नागोराव पुढे बोलले. अर्पिताचंही असंच व्हायला पाहिजे. मुलगी चांगली आहे, घरी सगळ्यांना पसंत आहे. लग्न झालं की तिने उटनूरची नोकरी सोडावी, एवढंच. तुमच्या घरचे विचार काय ते पिक्चरवरून कळलेच, पण बोलून मोकळं व्हावं.

“हो,” उत्तमराव म्हणाले.

हे ‘हो’ आपण पिक्चरला म्हणालो की नोकरीला, ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. नागोरावांना बरोबर कळलं.

पाहुणे गेल्यावर रेणुकाबाईंनी विचारलं, फाटकात काय म्हणत होते? उत्तमराव म्हणाले, पिक्चर आवडला म्हणाले. हे खोटं नव्हतं. रेणुकाबाईंना मात्र तेवढ्यानेही घाम फुटला. ज्या माणसाला हा पिक्चर आवडला त्याच्या घरी पोरगी द्यायची, याचा त्या रात्रभर विचार करत राहिल्या.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली. भैंशाच्या एका फंक्शन हॉलमध्ये कार्यक्रम, सगळा खर्च आणि सगळा थाट नागोरावांकडचा. उत्तमरावांना वाटत होतं, हळूहळू सगळं आपोआप मिटेल. लग्न होईल, पोरं आपसात काय ते ठरवतील, नागोराव विसरतील. दुकानात बसल्या बसल्या ते हे स्वतःला समजावून सांगत आणि गिऱ्हाईकाला कढईऐवजी परात देत. मग एका दुपारी नागोरावांचा फोन आला. हॉलमध्ये मोठा पडदा आहे. जेवणाआधी सगळ्या पावण्यांना ‘सासरचा सूर्यास्त’ दाखवायचा. आमच्या घराण्यातल्या साऱ्या सुना येणार आहेत, त्यांनी तो पाहायलाच पाहिजे. पेन ड्राइव्ह तेवढा घेऊन या.

मोठा पडदा! भरलेला हॉल! हे स्वप्न ते तरुणपणापासून पाहत आले होते. आणि आता ते पुरं व्हायला निघालं तर मध्यंतरानंतर नागोराव सगळ्या भाऊबंदांसमोर आंधळे होऊन पहिलीच्या वर्गात बसणार होते.

अजूनही खरं सांगून टाकायला वेळ होता. नागोरावांना नाही, तर निदान घरी. पण घरी सांगायचं म्हणजे फाटकातलं ‘हो’ सांगावं लागणार. उत्तमरावांनी दुसरा रस्ता धरला. बाजारात बंडूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे जाऊन त्यांनी पिक्चर अर्धा कापून मागितला.

बंडूने विचारलं, कुठून कापू? उत्तमरावांनी खुर्चीवर बसून जागा दाखवली. तुळशीभोवतीचं गाणं संपतं, ‘मध्यंतर’ यायच्या आत. बंडू म्हणाला, असा मधातच तुटलेला दिसन, शेवटी ‘समाप्त’ टाकून देऊ का? उत्तमरावांनी पडद्यावरच्या तुळशीकडे पाहिलं. मग म्हणाले, टाक. बंडूने लाल अक्षरांत ‘समाप्त’ टाकलं, वर एक फूल फिरवलं, आणि चालवून दाखवलं. उत्तमरावांनी मान दुसरीकडे केली. भिवाजी ज्या पिक्चरला हसला म्हणून ज्यांनी त्याच्याशी दोन वर्षं धड बोलणं टाकलं, त्यांनी तो स्वतःच्या हाताने अर्धा करून खिशात घातला.

साक्षगंधाच्या दिवशी फंक्शन हॉल गच्च भरला. अर्पिता हिरव्या साडीत पडद्यामागच्या खोलीत बसली होती. रेणुकाबाई तिच्याजवळ. संतोष बाहेर पाहुण्यांना नमस्कार करत फिरत होता. हॉलचा माणूस तेलुगू बोलणारा होता, त्याला नागोराव हिंदीतून सूचना देत होते, “आवाज बडा रखो, अन्ना, पीछे तक जाना.” घराण्यातल्या सुनांना पहिल्या दोन ओळींत बसवण्यात आलं. त्या बऱ्याच होत्या. काहींच्या मांडीवर लेकरं होती.

दिवे मालवले आणि पडद्यावर ‘सासरचा सूर्यास्त’ अशी अक्षरं भिंतीएवढी आली. उत्तमरावांना भरून आलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. पुरुष बाहेर चहाकडे निघाले होते. बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ पाहत होत्या. मागच्या खुर्च्यांवर दोघं-तिघं घोरत होते. समोरच्या सुना तेवढ्या पडद्याकडे तोंड करून होत्या, कारण नागोराव त्यांच्या बाजूलाच उभे होते. दादासाहेब ओरडले की नागोराव सुनांकडे पाहत.

तुळशीभोवतीचं गाणं संपलं. फूल फिरलं. ‘समाप्त.’

नागोरावांनी माइक हातात घेतला. त्यांनी पिक्चरचं सार सांगितलं, घर कशाने टिकतं ते सांगितलं, आणि मग म्हणाले, आमची नवी सूनही याच विचाराची आहे, लग्नानंतर ती सरकारी नोकरी सोडणार आहे, तिच्या वडिलांनी आपण होऊन शब्द दिला, टाळ्या वाजवा. टाळ्या वाजल्या. उत्तमरावांच्या हातांनीही एक टाळी वाजवली, सवयीने.

पडद्यामागच्या खोलीचं दार उघडलं. पण अर्पिता बाहेर यायच्या आत पहिल्या ओळीच्या टोकाहून गयाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना उभं राहून बोलताना त्या हॉलमध्ये कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माइक नसतानाही शांतता पसरली.

“हे समाप्त नाई,” त्या म्हणाल्या. “याच्या फुडं हाये.”

नागोराव म्हणाले, काय बोलून राहिली, बस. त्या बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की लग्नाआधी, माहेरी असताना, मामासोबत जाऊन त्यांनी हा पिक्चर पाहिला होता. आणि मग त्या पुढची गोष्ट सांगू लागल्या. घाबरत सुरू केलं, पण दोन-चार वाक्यांनंतर आवाज सुटला. ती बाई किल्ली उचलते. सासऱ्याला तोंडावर सांगते. पावसापाण्याची, नदी ओलांडून, कंबरभर पाण्यातून शाळेला जाते. गाव हसतं, ती थांबत नाही. शेवटी सासराच पोरांना घेऊन शाळेत येतो. बायकांनी साड्यांचे काठ सोडले. चहाकडे गेलेले पुरुष दारात येऊन उभे राहिले. पहिल्या ओळीतल्या सुना आता खरोखर ऐकत होत्या.

‘सासरचा सूर्यास्त’मध्ये नदी नाही. हे उत्तमरावांच्या लक्षात आलं होतं. पण इतक्या वर्षांनी माणसाला थोडं इकडचं तिकडे आठवणारच, असं म्हणून त्यांनी ती नदी माफ केली. ते नुसते गयाबाईंकडे पाहत होते. आहे! या जिल्ह्यात एक माणूस आहे! गळ्याशी फास आलेला असताना त्यांना मनातून इतकं गोड वाटत होतं की स्वतःचीच लाज वाटावी.

गोष्ट संपली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण एका सुनेने नाक पुसलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

अर्पिता तोवर उत्तमरावांच्या समोर येऊन उभी राहिली होती.

“बाबा, तुमी शब्द देल्ला व्हता?”

संतोष मध्ये बोलला. त्यालाही घरी हेच सांगितलं होतं, की अर्पिता स्वतःच तयार आहे. त्याला वाटलं फोनवर विषय काढून कशाला दुखवावं. अर्पिताने त्याला हातानेच थांबवलं. तिला उत्तर वडिलांकडून हवं होतं.

“देल्ला व्हता,” उत्तमराव पुटपुटले. “त्यायले पिक्चर आवडला म्हणले, म्हणून...”

“म्हणून?”

अर्पिताने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. उटनूरच्या दवाखान्यात ती जंगलातल्या खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांना गोंडीतून, एकेक गोळी बोटाने दाखवून, सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती ते समजावून सांगायची. तेवढ्याच सावकाश ती आता बोलली.

“मंग तुमी मले पिक्चरवर देऊन टाकलं, बाबा.”

ती ओरडली असती तर उत्तमरावांना बरं वाटलं असतं.

नागोरावांना या सगळ्यात एकच गोष्ट झोंबली होती. आपल्याला अर्धा पिक्चर दाखवला. वरून कोरडा आणि आतून ओला कापूस गाडीत भरून आणणारे त्यांनी आयुष्यभर पकडले होते, आणि पकडला की ते सगळी गाडी परत पाठवत. त्यांनी तेच केलं. साक्षगंध होणार नाही म्हणून सांगितलं. मात्र स्वयंपाक झाला होता, त्यामुळे जेवून जा, असंही सांगितलं. वांग्याची भाजी, पुरी आणि बुंदी सगळे खाली मान घालून जेवले. उत्तमरावांना कुणीतरी आग्रहाने बुंदी वाढली. ती त्यांनी खाल्लीही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रेणुकाबाई जेवायला वाढायच्या, पण ताट असं ठेवायच्या की त्यातलं वरणही दचकावं. अर्पिता उटनूरला निघून गेली. उत्तमराव फोन करत. ती ‘ड्युटीवर हाये’ म्हणून ठेवून देई. रविवारीसुद्धा ती ड्युटीवर राहू लागली. एके संध्याकाळी उत्तमरावांनी एकट्याने ‘सासरचा सूर्यास्त’ लावला, पुरा, मूळचा. सुमतीने किल्ली उचलली आणि त्यांनी टीव्ही बंद केला. पहिल्यांदाच त्यांना तिच्या नजरेला नजर देववेना. मग त्यांनी सकाळची बस धरली, उटनूरला गेले आणि दवाखान्यात औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर खिडकीत तोंड घालून म्हणाले, चुकलं माझं, तू सांगशील तसं. अर्पिताने सांगितलं की मागे लोक थांबलेत, बाजूला बाकावर बसा. ते दुपारपर्यंत बसले. दुपारी तिने डबा आणून अर्धा त्यांच्यापुढे सरकवला. बोलली नाही, पण पुढच्या रविवारी घरी आली.

आणि त्याच रविवारी, काही न कळवता, गयाबाई आणि संतोष बसने येऊन दारात उभे राहिले. नागोराव आले नव्हते.

गयाबाईंनी पाणी प्यायल्या प्यायल्या सांगून टाकलं की नोकरीची अट आमच्याकडून संपली. तुमचे मालक? रेणुकाबाईंनी विचारलं. गयाबाई म्हणाल्या, रुसले आहेत, पण जेवतात. त्या दिवसापासून घरात सगळंच बिघडलं होतं. मोठ्या सुनेने माळ्यावर टाकलेली शिलाई मशीन खाली उतरवली होती. नागोरावांनी विचारलं, कुणाला विचारून? तिने सांगितलं, सासूबाईंना. तेव्हापासून ते पंख्याकडेसुद्धा जरा नरमाईने पाहत होते.

संतोष आणि अर्पिता अंगणात जाऊन बराच वेळ बोलले. बोलणं सोपं नव्हतं, हे खिडकीतून दिसत होतं. संतोषने दोन-तीनदा कपाळावरचा घाम पुसला. पण परत आले तेव्हा अर्पिता आईला म्हणाली की उटनूरला मोठी खोली पाहावी लागेल. रेणुकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पोहे करायला उठल्या.

मग गयाबाई उत्तमरावांकडे वळल्या.

“व्याही, आता मले थो पिक्चर पुरा दाखवा,” त्या म्हणाल्या. “इतके वर्स झाले, मनातून जाऊन नाई राह्यला.”

उत्तमराव जागेवरून उठले ते जवळजवळ उडालेच. त्यांनी टीव्ही पुसला. पडदे ओढले. गयाबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली, पाठीला उशी दिली, स्वतः खाली सतरंजीवर बसले. पिक्चर सुरू झाला. पहिला अर्धा भाग गयाबाई मान डोलवत होत्या. मध्यंतरानंतर मान थांबली. सुमती किल्ली उचलून बाहेर पडली तेव्हा त्या पुढे वाकून काहीतरी शोधू लागल्या. दादासाहेब आंधळे झाले तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. उत्तमराव पडदा सोडून त्यांचंच तोंड पाहत होते. सुमती गाऊ लागली, दुसऱ्या कडव्यात सूर्य हातभर सरकला, आणि गयाबाई फिस्सकन हसल्या. मग त्यांनी घाईने पदर तोंडाला लावला.

पिक्चर संपला.

“नदी कुठं गेली?” गयाबाईंनी विचारलं.

“नदी नाई याच्यात, ईनबाई.”

“मंग हा नोहे,” त्या म्हणाल्या. “थो दुसरा व्हता. त्याच्यातबी सासरा असाच व्हता, किल्ली बी व्हती.” मग भिडस्तपणे, पण खरं बोलायची आता सवय लागल्यामुळे, त्यांनी भर घातली, “थो चांगला व्हता.”

दारात उभी असलेली अर्पिता झटकन स्वयंपाकघरात गेली. आतून पातेलं पडल्याचा आणि हसण्याचा आवाज आला. उत्तमराव सतरंजीवर बसूनच होते. त्यांनी कसंबसं विचारलं, मग त्या पिक्चरचं नाव काय होतं? गयाबाईंना नाव आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी माहेरी, सासरी, शेजारीपाजारी कितीदा विचारलं, पण तो पिक्चर पाहिलेला माणूस काही त्यांना भेटला नव्हता. घरात कुणी ऐकूनही घेत नसे. तुम्हाला पिक्चरची आवड आहे म्हणून विचारते, सांगू का कसा होता ते?

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार! उत्तमराव म्हणाले, सांगा.

गयाबाईंनी उशी नीट केली, पाय वर घेतले आणि सुरुवात केली. मामाच्या गावची टॉकीज कशी होती, तिकिटाला रांग किती होती, बाजूला कोण बसलं होतं, पडदा कसा वर गेला. पोहे आले, संपले. चहा आला, संपला. उत्तमरावांच्या पायाला मुंग्या आल्या, त्यांनी पाय बदलला. संतोषने एक जांभई दिली आणि तो हळूच अंगणात सटकला. उत्तमरावांनी त्याच्या पाठीकडे हेव्याने पाहिलं.

“लय मोठा व्हता का पिक्चर, ईनबाई?” अखेर त्यांनी अदबीने विचारलं.

“आता तर पडद्यावर सुरुवातीची नावं येऊन राह्यली, व्याही,” गयाबाई म्हणाल्या.